कापसाच्या गाडीमागे: अचलपूर ते यवतमाळ, आणि जाता जाता आर्वी

शनिवार

शकुंतला, म्हणजे आपल्या वऱ्हाडातली कापसाची छोटी नॅरोगेज रेल्वे, बंद पडली त्याला आता बरीच वर्षं झाली. अचलपूरची गाडी २०१९ च्या सुमारास थांबली, यवतमाळची तर त्याच्याही आधी. रूळ मात्र बऱ्याच ठिकाणी तसेच पडलेत आणि स्टेशनंही, कुठं छप्पर आहे कुठं नाही. ती पूर्ण पडायच्या आत, किंवा कुणी पाडायच्या आत, एकदा ओळीनं सगळी बघून यायची हे कधीपासून डोक्यात होतं, पण सोबत मिळत नव्हती कारण ग्रुपमधल्या पोरांना चिखलदरा पाहिजे, तोरणमाळ पाहिजे, पडकी स्टेशनं कुणाला पाहिजेत. शेवटी भाऊजी म्हणाले मी येतो. भाऊजी म्हणजे ताईचे मिस्टर, मूळचे दारव्ह्याकडचे, लहानपणी या गाडीत बसून वाढलेले, आणि आता रिटायर झाल्यावर घरात बसून ताईच्या डोक्याला ताप. ताईनंच डबा भरून दिला, यावरून काय ते समजा. त्यांची जुनी बुलेट, माझी युनिकॉर्न.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मूर्तिजापूर हे मुंबई-हावडा मेन लाईनवरचं स्टेशन. तिथून दोन नॅरोगेज फाटे निघायचे, एक उत्तरेला अचलपूरला साधारण ७६ किलोमीटर आणि एक दक्षिण-पूर्वेला यवतमाळला ११३ किलोमीटर. रूळ अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर. माथेरानची गाडी दोन फुटी आहे, ही तिच्यापेक्षा थोडी रुंद. याच, म्हणजे सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची तिसरी लाईन पुलगाव ते आर्वी, ३५ किलोमीटर. तिन्ही लाईनी पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे झाल्या आणि तिन्हींचं कारण एकच, कापूस.

सकाळी अमरावतीत गिला वडा खाऊन निघालो. डिसेंबरची थंडी, वलगावपर्यंत हात गारठून गेले. वलगावच्या पेढी नदीपाशी भाऊजींनी गाडी बाजूला घेतली, चप्पल काढून हात जोडले. गाडगेबाबांनी देह ठेवला तो इथंच, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीकडे येताना. मी पण उतरलो. पुढं दिवसभर बाबा या ना त्या रूपात भेटत राहिले कारण त्यांचं जन्मगाव शेंडगाव अंजनगाव तालुक्यातलं, लहानपण मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाकडं, म्हणजे शकुंतलेचा हा सगळा पट्टा त्यांच्याच पायाखालचा.

आसेगावला पूर्णा ओलांडली की मेळघाटचे डोंगर समोर दिसायला लागतात आणि रस्त्यावर कापसाचे ट्रॅक्टर. ट्रॉलीवर चारी बाजूंनी कापूस बाहेर आलेला, आणि रस्त्याकडेच्या बाभळींना त्याचे पुंजके अडकलेले. मागं राहिलं की धूळ आणि कापूस दोन्ही हेल्मेटमध्ये, ओव्हरटेक करावं तर समोरून एसटी. परतवाड्यात चहा घेतला आणि मग अचलपूर.

अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर, इमादशाहीची राजधानी. दुल्हा दरवाजा, परकोट, हौज कटोरा, बघायला खूप आहे, पण आम्ही ते सगळं सोडून लोकांना स्टेशन विचारत फिरतोय म्हटल्यावर एक दोघांनी नीट वरून खाली बघून घेतलं. स्टेशन गावाच्या कडेला. छोटी बैठी इमारत, कौलं बरीचशी गेलेली, तिकीटखिडकीला पत्रा ठोकलेला. फलाट म्हणजे फक्त जमिनीपेक्षा थोडा उंच मुरूम. रुळांच्या मधोमध पोरांनी क्रिकेटचं पिच केलंय, बॉलरचा रनअप एका रुळावरून सुरू होतो आणि यॉर्कर टाकला तर तो स्लीपरला लागून कुठंही जातो, बॅट्समनची कमाल आहे.

तिथंच गोवऱ्या लावणाऱ्या एका मावशींशी बोलत एक काका उभे होते, आम्हाला बघून आले.

"सर्वेवाले हाय का जी तुम्ही?"

"नाही काका, असंच बघायला आलो."

"काहून? काय हाय इथं पाहाले?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं पण भाऊजींकडं होतं. ते म्हणाले, आमची गाडी होती. काका एकदम बदलले. मग अर्धा तास सोडलं नाही. त्यांचं म्हणणं असं की ब्रॉडगेज होणार होणार म्हणून त्यांनी तीन वेळा माणसं टेप घेऊन आलेली पाह्यली, दर वेळी आपलं घर लाईनीत जाते का राहाते यावर घरात भांडण, आणि दर वेळी पुढं काही नाही. सर्वेवाले का हा प्रश्न आम्हाला नंतर जवळजवळ प्रत्येक स्टेशनावर ऐकावा लागला. दोन मोटरसायकली, दोघं हेल्मेटवाले, एकाच्या हातात वही. आमच्यावर संशय येणं साहजिकच.

अचलपूर ते पथ्रोट रस्ता आणि रूळ लपाछपी खेळतात. मध्येच डांबराखालून रूळ डोकं वर काढतात, गाडीचा टायर त्या खाचेत तिरका गेला तर पडलाच समजा, म्हणून नॅरोगेजचे रूळ नेहमी काटकोनात क्रॉस करा, स्पीड कमी करून. बरीच फाटकं अशीच रस्त्यात मुरून गेलीत. भाऊजी सांगत होते, शेवटच्या काळात फाटकांवर माणूस नसायचा, गेटमन गाडीतच. फाटक आलं की गाडी थांबणार, हा उतरून फाटक लावणार, गाडी पलीकडं जाऊन थांबणार, हा फाटक उघडून पळत येऊन बसणार. छोट्या स्टेशनांवर मास्तर पण नाही, तिकिटं गार्डच फाडायचा. आता अशा हिशोबानं ७६ किलोमीटरला चार तास लागले तर गाडीचा काय दोष.

पथ्रोटचं स्टेशन झुडपात हरवलंय, भिंती आहेत. आम्ही पाच मिनिटात निघालो, गांधीलमाश्या होत्या.

अंजनगाव सुर्जी मात्र जीव लावून बघण्यासारखं. शाळेत आपण पाठ केलेलं असतं, ३० डिसेंबर १८०३ चा सुर्जी-अंजनगावचा तह, दौलतराव शिंदे आणि इंग्रज. तह झाला ते हेच गाव. पण इथल्या माणसाला विचारलं तर तो तहाबद्दल नाही पानमळ्याबद्दल बोलतो. विड्याची पानं आणि पानपिंपरी, दोन्ही सावलीत वाढणारी, वऱ्हाडच्या उन्हात एवढं नाजूक पीक घ्यायचं म्हणजे बारमाही राबणं. स्टेशनजवळच्या टपरीवर एक आजोबा भेटले, त्यांच्या घरचा मळा होता. त्यांच्या सांगण्याप्रमाणं पानाच्या करंड्या ओल्या फडक्यात बांधून या गाडीनं मूर्तिजापूरला जायच्या आणि तिथून मेन लाईनवर चढायच्या. "पान थांबत नसते बाप्पा," म्हणाले, "कापूस आठ दिवस पडला तरी कापूसच राह्यते, पान दुसऱ्या दिवशी पिवळं." मी विचारलं मग एवढ्या हळू गाडीनं कसं चालायचं. तर म्हणे हळू होती पण रोज होती, आणि त्या वक्ती पावसाळ्यात रस्त्यावर बंडी फसायची तेव्हा हळू कोणाला म्हणता. मुद्दा पटला.

इथंच ती गोष्ट पहिल्यांदा डोक्यात घुसली जी पुढं सगळीकडं दिसत गेली. ही स्टेशनं गावासाठी बांधलेली नाहीत. गावाचा बाजार, देवळं, वस्ती एकीकडं, आणि स्टेशन दुसरीकडं, जिनिंग-प्रेसिंगच्या, म्हणजे सरकी काढून गठाणी बांधायच्या कारखान्याच्या वाटेवर. कारखान्याची चिमणी शोधा, तिच्या आसपास स्टेशन सापडेल. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. नागपूरपर्यंत मेन लाईन १८६७ ला पोचली, खामगावचा फाटा १८७०, बडनेरा-अमरावती १८७१, म्हणजे आधी मोठ्या कापूस बाजारांना रूळ दिले आणि मग पन्नासएक वर्षांनी उरलेल्या तालुक्यांसाठी ही स्वस्तातली अरुंद लाईन. जिनमध्ये सरकी काढायची, रुईच्या गठाणी बांधायच्या, अडीच फुटी डब्यात टाकायच्या, मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढवायच्या आणि मुंबईच्या बंदरावर. माणसं त्याच गाडीत नंतर बसली. आपण तिला गरिबांची गाडी म्हणून डोक्यावर घेतो ते खरंच आहे, पण तिला काढणाऱ्याच्या डोक्यात गरीब नव्हता, गठाण होती.

दुपारी डबा कापूसतळणीच्या पुढं एका शेताच्या बांधावर खाल्ला. शेतमालकानं आधी विचारलं सर्वेवाले का, नाही म्हटल्यावर पाण्याचा जग आणि हिरव्या मिरचीचा ठेचा आणून दिला. वेचणी चालू होती, पाच-सहा बाया, कमरेला ओट्या बांधलेल्या. शेतमालकाचं गणित ऐका, वेचणीची मजुरी किलोवर, भाव पडलेला, आणि बोंडअळीमुळे दुसऱ्या वेच्याचा भरवसा नाही. त्याला रेल्वे पाहिजे का विचारलं तर म्हणे आधी जमिनीचा मोबदला किती ते सांगा.

दर्यापूरचं स्टेशन बनोसा नावानं. इथून जमीन एकदम सपाट होते, काळी कुळकुळीत, क्षितिजापर्यंत एक उंचवटा नाही. हा खारपाण पट्टा. विहीर खणा, बोअर मारा, पाणी खारट. भाऊजी बुलेटवर बसूनच मला बॉयलरचं लेक्चर देत होते, की खाऱ्या पाण्याचं इंजिनात काय होतं, नळ्यांमध्ये क्षारांचा थर बसतो, उष्णता पाण्याला पोचत नाही आणि नळी तापून जाते, त्यामुळे वाफेच्या इंजिनाला गोडं पाणी कुठं मिळतं यावर थांबे ठरायचे. आणि ही काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, तिच्यावर खडी टिकत नाही. जोराचा पाऊस झाला की गाडी बंद, हे दर वर्षीचं. रस्त्याची तीच गत आहे म्हणा, दर्यापूरच्या पुढं माझी कंबर मलाच सांगत होती की डांबराखाली काय आहे.

लाखपुरीला लक्षेश्वराचं देऊळ, पूर्णेच्या काठावर. सूर्य मावळायला आलेला, पाय धुतले, दहा मिनिटं टेकलो. अंधार पडता पडता मूर्तिजापूर. लॉजची खोली ठीक, गरम पाण्याची बादली मागून घ्यावी लागली. रात्री ढाब्यावर वांग्याची भाजी आणि भाकर. भाऊजी झोपेपर्यंत पान आणि कापूस यात जास्त नाशवंत काय यावर बोलत होते. मी झोपलो होतो.

रविवार

मूर्तिजापूर स्टेशनवर सकाळी सहाला गेलो. मेन लाईनवर मालगाड्या धडधडत जातायत आणि त्यांच्या शेजारी नॅरोगेजची बाजू एकदम गप्प. दोन्ही रूळ एकाच नजरेत येतात तेव्हा फरक कळतो, ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर आणि ही ७६२, निम्म्याहूनही कमी. शेडकडं आत जायची परवानगी नाही मिळाली, विचारलं होतं, त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं, ते बरोबरच आहे, रेल्वेची जागा. बाहेरून जे दिसलं ते बघितलं.

याच शेडमध्ये ती प्रसिद्ध झेडडी राह्यची. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन, १९२३ ला कामावर लागलं आणि १५ एप्रिल १९९४ ला उतरलं, मग डिझेल आलं. सत्तर वर्षं! भाऊजींना वाफेची गाडी पक्की आठवते, शिट्टी, डोळ्यात जाणारा कोळशाचा कण, आणि आईनं पदरानं तो काढणं. डिझेल आल्यावर लोकांना वाटलं आता गाडी पळेल. कशाची पळते, रूळ तेच, पूल तेच. अचलपूर ते यवतमाळ पूर्ण प्रवास करायचा तर दिवस गेला आणि रात्रीचाही हिस्सा, वीस तास म्हणतात.

आता ते व्हॉट्सॲपवालं प्रकरण. दर पंधरा ऑगस्टला फॉरवर्ड येतो की भारतात एक रेल्वे अजून इंग्रजांची आहे, आपण त्यांना दर वर्षी कोटीभर रुपये भरतो, रक्त सळसळतं की नाही वगैरे. खरं एवढंच की या लाईनी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या, तिचा कारभार बघणारी एजन्सी किलिक निक्सन, जिला आपल्याकडचे पेपर कायम क्लिक निक्सन लिहितात, आणि गाड्या चालवायची जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे, म्हणजे पुढं मध्य रेल्वे. १९५१-५२ ला बाकी रेल्वे एकत्र झाल्या तेव्हा ही करारावर राह्यली, करार वाढवत गेले. पण किलिक निक्सन लंडनमध्ये बसलेला कुणी लॉर्ड नाही, मुंबईतली एजन्सी होती आणि स्वातंत्र्यानंतर ती भारतीयांच्या हातात आली. आणि गंमत बघा, ज्या भांडणाच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचल्या, पैसे कुणी कुणाला द्यायचे, त्या भांडणात रुळावर खर्च कुणी करायचा हा प्रश्न तसाच लटकला. मालक म्हणतो चालवणाऱ्यानं करावा, चालवणारा म्हणतो मालकानं. भाड्याच्या घराला कोण रंग देतो? माझ्या मते शकुंतला इंग्रजांनी नाही मारली, या लटकण्यानं मारली. भाऊजींचं मत वेगळं, ते म्हणतात एसटीनं आणि नंतर ट्रकनं. कापूस ट्रकवर गेला त्या दिवशीच ती संपली, पुढची वर्षं नुसती माणसं होती. कदाचित दोघांचंही बरोबर असेल.

कारंजाला पोचेपर्यंत रविवारची गर्दी. कारंजा लाड, नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, गुरुमंदिरात लांब रांग. दर्शन घेतलं, बाहेर प्रसाद, मग स्टेशन. जुन्या मोठ्या कापूस बाजारांपैकी हे एक, आणि स्टेशनचा आवार बघून ते कळतं, बाकी ठिकाणांपेक्षा यार्ड बरंच पसरलेलं, मालधक्क्याचा दगडी चौथरा अजून शाबूत. त्याच्यावर चढून भाऊजींनी पावलं टाकून लांबी मोजली. लगेच एक जण सायकलवरून उतरला. सर्वेवाले? मी म्हटलं नाही हो. तो म्हणाला मग हे मोजतात काय. भाऊजी म्हणाले, १९७२ नंतर कापूस एकाधिकार खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारलाच विकायचा, ती आली तेव्हा केंद्रावर बैलबंड्यांची जी रांग लागायची, ती इथून सुरू झाली तर कुठं संपेल ते मोजतो. सायकलवाल्यानं सायकल स्टँडवर लावली आणि तो पण मोजायला लागला. मी सावलीत जाऊन बसलो.

या मालधक्क्याबद्दल थोडं सांगायला पाहिजे. प्रवाशांचा फलाट आणि मालाचा धक्का शेजारी शेजारी आहेत. प्रवाशांचा म्हणजे मुरूम, बूड टेकायला एक बाक, डोक्यावर काही नाही. मालाचा म्हणजे डब्याच्या दाराच्या उंचीला बरोबर मिळणारा घडीव दगड, चढउतार करायला उतरण, पाणी तुंबू नये म्हणून ढाळ. शंभर वर्षं झाली तरी एक दगड हललेला नाही. अंजनगावला जे वाटलं होतं त्याचा पुरावा इथं सिमेंटशिवाय उभा आहे.

कारंजा ते दारव्हा रस्ता मस्त, नवा झालाय, गाड्या मोकळ्या सोडल्या. दोन्ही बाजूला तूर उभी, पिवळी फुलं आणि शेंगा, मध्ये मध्ये कापूस. आणि मग दारव्हा.

स्टेशनचं पूर्ण नाव दारव्हा मोतीबाग. मला हे नाव लहानपणापासून भाऊजींच्या तोंडून माहीत, मला वाटायचं तिथं खरंच मोठी बाग असेल, कारंजी वगैरे. बाग नाही. कडुनिंब आहेत, मोठे जुने, आणि त्यांच्याखाली इमारत, आत्तापर्यंत पाह्यलेल्यात सगळ्यात बरी अवस्था. दाराला कुलूप, खिडकीतून आत बघितलं तर भिंतीवर किल्ल्या अडकवायची फळी अजून आहे, खुंट्या रिकाम्या.

भाऊजी फार बोलतात हे एव्हाना लक्षात आलं असेल, पण इथं आल्यावर त्यांनी आधी एक चक्कर मारली, मग सांगायला लागले. त्यांची आजी यवतमाळची. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आई, तीन भावंडं, एक ट्रंक, एक पाण्याची सुरई. घर स्टेशनपासून दोन-तीन किलोमीटर, गाडीची वेळ कधी पक्की नाही, मग काय करायचं तर धाकट्या भावाला कडुनिंबावर चढवून ठेवायचं, धूर दिसला की त्यानं ओरडायचं. गार्डला सगळे मामा म्हणायचे, आणि त्याला प्रत्येक पोराचं नाव आणि कोण कुठं उतरणार हे पाठ. एकदा आईनं जेवणाचा डबा घरी विसरला तर गाडी थांबवून ठेवली होती, घरून आणेपर्यंत. मी म्हटलं भाऊजी थोडं जास्त होतंय. म्हणाले विचार तुझ्या ताईला. ताईला काय माहीत, तिचं माहेर अमरावती. पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघून वाद घातला नाही.

दारव्ह्यात त्यांच्या चुलत भावाकडं जेवण झालं, रोडगे आणि वांग्याची भाजी, वर तूप. रोडगे खाऊन मोटरसायकल चालवणं धोक्याचं आहे, झोप अक्षरशः हँडलवर येते. म्हणून बोरी अरबला अडाण नदीपाशी तोंड धुवायला थांबलो, चहा मारला. पुढं लाडखेड, लासिना. लाडखेडला नाव लिहिलेला बोर्ड अजून वाचता येतो, लासिनाला रूळ शोधायला गवत तुडवावं लागलं. यवतमाळ जवळ आलं की जमीन चढायला लागते, सागाची झाडं दिसतात, खाली मागं सगळा सपाट मुलूख. या चढावर गाडी इतकी हळू व्हायची की पोरं उतरून शेजारून चालायची, हे तर अनेकांनी सांगितलंय, त्यामुळे भाऊजींचं हे मान्य.

यवतमाळला संध्याकाळी पोचलो. मुक्काम भाऊजींच्या मावसबहिणीकडं, म्हणजे ताईची नणंद लागते, त्यामुळे पाहुणचार टाळता येत नाही. रात्री दहाला पुरणपोळी.

सोमवार

यवतमाळ स्टेशन शहराच्या अंगावर आलंय, किंवा शहर त्याच्या अंगावर. सकाळी फिरायला येणारे लोक रुळांच्या बाजूनं चालतात. जागा मोक्याची, त्यामुळे तिचं काय करायचं यावर ज्याला त्याला एक आयडिया आहे, बाग करा, रस्ता करा, म्युझियम करा, मार्केट करा. एका काकांनी तर आम्हालाच सांगितलं, "साहेब, तेवढं वॉकिंग ट्रॅकचं लिहून घ्या." सर्वेवाले का हे विचारलंही नाही, गृहीतच धरलं. भाऊजींनी वहीत लिहून घेतलं.

आम्हाला म्युझियम पटतं, पण खरंच करायचं असेल तर. अचलपूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ एवढी चार स्टेशनं जरी नीट ठेवली, एकेका ठिकाणी जिनमधला सरकी काढायचा एखादा जुना रेचा, मालधक्का, एखादा डबा, तरी वऱ्हाडच्या पोरांना आपला कापूस कुठं जायचा ते हात लावून कळेल. नुसतं इंजिन रंगवून चौकात उभं करणं म्हणजे काम उरकणं, त्यात काही अर्थ नाही.

यवतमाळला रेल्वे येतेय मात्र, दुसऱ्या बाजूनं. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही ब्रॉडगेज. त्यातला वर्धा ते कळंब तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. कळंबला चिंतामणीचं दर्शन घेतलं, पायऱ्या उतरून खाली जायचं असतं, आणि मग नवं स्टेशन बघायला गेलो. नवं कोरं, स्वच्छ, लांबच लांब फलाट. बाहेर रिक्षावाला एक, प्रवासी तेवढ्यात कुणी नाही. स्टेशन गावापासून बाजूला. भाऊजी म्हणाले बघ, आता तर कापूस पण नाही, तरी स्टेशन गावाबाहेरच. मी म्हटलं आता जमीन जिथं मिळते तिथं स्टेशन होतं.

तिथून देवळीवरून पुलगाव. पुलगावला जुनी कापड गिरणी आणि लष्कराचा दारूगोळा डेपो, त्यामुळे कुठंही मोबाईल काढून फोटो मारत बसू नका, बोर्ड वाचा. आर्वी लाईन इथूनच सुटायची. सोरटा, विरूळ, रोहणा अशी स्टेशनं. ही शकुंतलेची धाकटी बहीण, तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही, फॉरवर्ड पण नाही. विरूळला काही विशेष उरलेलं दिसलं नाही. रोहण्याला एका घराच्या कुंपणाला रुळाचे तुकडे खांब म्हणून पुरलेले दिसले, कुठून आले विचारलं नाही.

आर्वीला पोचलो तेव्हा दीड वाजला होता, ऊन डिसेंबरातही टोचत होतं. स्टेशनजवळ पुन्हा जिनची पडकी चिमणी. आता आम्ही न विचारताच आधी चिमणी शोधत होतो आणि चुकलो नाही. इथं एक शिक्षक भेटले, शाळा सुटल्यावर चालले होते, त्यांनी सांगितलं की त्यांचे वडील पुलगावच्या गिरणीत कामाला, सोमवारी या गाडीनं जायचे आणि शनिवारी परत. कापसाच्या गाडीनं गिरणीत जाणारा माणूस. भाऊजींनी त्यांना विचारलं, ब्रॉडगेज झाली तर तुम्ही बसाल का? ते हसले, म्हणाले माझ्याकडं तुमच्यासारखीच गाडी आहे, चाळीस मिनिटात पुलगाव. पण पोरीला वर्ध्याला कॉलेजला टाकायचंय, तिच्यासाठी पाहिजे.

परतीला कौंडण्यपूरवरून वर्धा नदी ओलांडली, रुक्मिणीचं माहेर, पण देवळात जायला वेळ नव्हता, लांबूनच नमस्कार. तिवस्यापासून हायवे, मग अमरावती.

कुणाला जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीच बरा. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर गवत डोक्याएवढं, स्टेशन समोर असून दिसणार नाही, आणि सापही असतात. पुलांवर चालायला जाऊ नका, स्लीपर कुजलेत. मूर्तिजापूर ते दर्यापूर रस्ता बाईकला त्रास देतो, तिथं दिवसाउजेडी निघा. पेट्रोलची चिंता नाही, सगळीकडं पंप आहेत. आणि सोबत वही नेऊ नका, नाहीतर संध्याकाळपर्यंत तुमच्याकडं दहा-बारा लोकांचे मोबदल्याचे अर्ज जमा होतील. भाऊजींच्या वहीत खरोखर दोन आहेत, गट नंबरसकट, आणि ते आता विचारतायत की हे कुठं नेऊन द्यायचे.